युरेनियमचे बेचिराख गाव

जुन्या वसुली दप्तरांत ओस पडलेल्या गावापुढे बहुधा एकच शब्द लिहिलेला आढळतो : बेचिराख. आज हा शब्द जळून राख झालेल्या वस्तीला लावण्याची रूढी पडली आहे. परंतु मुळात त्याचा राखेशी काही संबंध नाही. फारसीत चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लागत नाही ते बेचिराग. दुष्काळ पडला, पटकी आली, लष्करे येऊन गेली, की माणसे परागंदा होत आणि गाव बेचिराख होई. तरीही दप्तरातून त्याचे नाव उडत नसे. जमीन जागेवर असे, शीव जागेवर असे, आणि आज ना उद्या कोणी कौल घेऊन येईल व ती जमीन पुन्हा लागवडीस आणील, अशी सरकारला आशा असे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात वायव्येकडे असे एक बेचिराख गाव आहे. तेथे दुष्काळ पडला नाही, रोगराई झाली नाही, शत्रूही चालून आला नाही. गाव वसले ते एका करारामुळे आणि उठले तेही करार संपल्यामुळे. त्या गावाचे नाव मेरी कॅथलीन. पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्यात ते एकदा वसले, एकदा रिकामे झाले, पुन्हा गजबजले आणि अखेर लिलावात विकले गेले. घरे गेली, माणसे गेली. पण तेथील दगड मात्र अजून बोलत आहेत. हे दगड युरेनियमचे असल्यामुळे त्यांचे बोलणे यंत्राला ऐकू येते, एवढेच.

क्लोनकरी आणि माउंट आयझा या दोन गावांमधील अंतर सुमारे १२० किलोमीटर. या दोन्ही गावांचे नशीब धातूंनी उघडले. १८६१ साली रॉबर्ट ओहारा बर्क हा प्रवासी दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडीत असता येथून गेला आणि वाटेतील नदीस त्याने आपल्या नात्यातील लेडी क्लोनकरी हिचे नाव दिले. १८६७ साली अर्नेस्ट हेन्री याला त्या नदीच्या परिसरात तांबे सापडले. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखात मालाची ने-आण उंटांवरून होई आणि ते उंट हाकणारे लोक पेशावर, बलुचिस्तान, पंजाब या भागांतून गेलेले असत. तिकडे त्या साऱ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. पुढे १९२३ साली जॉन कॅंबेल माइल्स याला माउंट आयझा येथे शिसे व चांदी यांची खनिजे सापडली. या दोन गावांच्या साधारण मध्यावर, सेल्विन डोंगररांगेच्या कुशीत, मेरी कॅथलीनची जागा आहे.

हमरस्ता सोडून आत वळणाऱ्या प्रवाशास प्रथम काहीच विशेष दिसत नाही. तांबडी माती, टोचणाऱ्या गवताचे झुबके, विरळ निलगिरीची झाडे आणि उन्हाने भाजून निघालेल्या टेकड्या. मग एकाएकी रानाच्या मधोमध डांबरी रस्ता लागतो आणि त्याला फाटे फुटू लागतात. टेकडीच्या उताराशी जुळवून घेत वळणे घेणाऱ्या या गल्ल्या आहेत. त्यांच्या कडेने सिमेंटचे चौथरे ओळीने मांडलेले आहेत. एका चौथऱ्यावर एक घर, असा हिशेब होता. भिंती नाहीत, छप्पर नाही. येथे स्वयंपाकघर असावे, येथे न्हाणीघर असावे, असा तर्क तेवढा करावयाचा. मराठी मुलखात उजाड गावठाणाला पांढरी म्हणतात आणि पांढरीची माती खणली तर शेकडो वर्षांची खापरे, मणी, चुलीची राख हाती लागते. या पांढरीला खोली नाही. तिच्यावर माणसांची दुसरी पिढी धड वाढली नाही, तोच ती उठली.

या गावाचे मूळ शोधू गेल्यास ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सापडते. युरेनियम हे मूलद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट याने १७८९ साली ओळखले. परंतु पुढील दीडशे वर्षे त्याचा उपयोग काच व चिनीमाती यांना पिवळा-हिरवा रंग देण्यापलीकडे फारसा नव्हता. १८९८ साली मारी व पिएर क्यूरी यांनी पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजातून रेडियम शोधून काढले तेव्हा खाणी चालू लागल्या त्या रेडियमसाठी. युरेनियम हा टाकाऊ भाग ठरला. १९३८ साली अणुविभाजनाचा शोध लागला, १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी या शहरांचा संहार झाला, आणि कालपर्यंत ज्या दगडाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याच्यासाठी सरकारे खजिने मोकळे करू लागली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९४८ साली युरेनियम शोधणाऱ्यास करमुक्त बक्षीस जाहीर केले. १९४९ साली उत्तर प्रदेशात, म्हणजे तिकडील नॉर्दर्न टेरिटरीत, रम जंगल या ठिकाणी जॅक व्हाइट याला युरेनियम सापडले आणि पुढे त्याला २५ हजार पौंड मिळाले. ही वार्ता पसरताच गायगर गणक खांद्याला अडकवून रानोमाळ भटकणाऱ्यांची एक नवी जात तयार झाली. पूर्वी सोन्यासाठी माणसे वाळू चाळीत. आता ती कानाला श्रवणयंत्र लावून दगडांची टकटक ऐकू लागली.

क्लेम वॉल्टन आणि नॉर्म मॅकॉनकी हे अशाच शोधकांपैकी होत. १९५४ साली या टेकड्यांत त्यांच्या गणकाने जोराने टकटक सुरू केली. मॅकॉनकी याची पत्नी मेरी कॅथलीन ही नुकतीच निवर्तली होती. त्या शोकाकुल माणसाच्या पत्नीचे नाव त्या ठिकाणाला देण्यात आले. खाणीला तेच नाव, कंपनीला तेच, गावालाही तेच. ज्या स्त्रीने हे गाव पाहिले नाही, तिचे नाव पुढे जगाच्या अणुव्यापाराच्या कागदपत्रांत हजारो वेळा लिहिले गेले.

या नावापूर्वीही त्या भूमीला नावे होती, ही गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. हा सारा मुलूख कालकाडून या आदिवासी जमातीचा. गुरे पाळणारे गोरे वसाहतवाले आणि खाणवाले येथे आले तेव्हा या जमातीने वर्षानुवर्षे त्यांच्याशी झुंज दिली. १८८४ साली क्लोनकरीच्या उत्तरेस, पुढे बॅटल माउंटन या नावाने ओळखल्या गेलेल्या टेकडीवर, फ्रेडरिक अर्कहार्ट याच्या नेतृत्वाखालील पोलीस तुकडीने त्यांचा पाडाव केला. बंदुकांपुढे भाल्यांचा टिकाव लागला नाही. शोधकांचे गणक टकटकू लागले तेव्हा ती जमीन सरकारी कागदोपत्री रिकामी ठरून सत्तर वर्षे झाली होती. २०११ साली न्यायालयाने या प्रदेशातील विस्तीर्ण भूभागावर कालकाडून लोकांचा मूळ हक्क मान्य केला. पण मधल्या काळात जमिनीच्या पोटातून जे जावयाचे ते गेले होते.

शोध लागल्यानंतर गोष्टी झपाट्याने घडल्या. रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने प्रकल्प हाती घेतला. १९५६ साली ब्रिटनच्या अणुशक्ती प्राधिकरणाशी विक्रीचा करार झाला. ब्रिटनने १९५२ साली आपला पहिला अणुस्फोट ऑस्ट्रेलियाच्याच किनाऱ्याजवळील माँटे बेलो बेटांत केला होता आणि १९५६ साली काल्डर हॉल येथील अणुवीज केंद्र सुरू केले होते. त्याला युरेनियमची तहान लागलेली होती. कराराच्या आधारावर भांडवल उभे राहिले. वास्तुशिल्पी अर्नेस्ट मिल्स्टन याच्या आराखड्यानुसार १९५६ ते १९५८ या काळात गाव बांधले गेले. कॉरेला नदीला धरण घालून पाण्याची सोय करण्यात आली. शाळा, इस्पितळ, दुकाने, चित्रपटगृह, पोहण्याचा तलाव, क्रीडांगण, असे सर्व काही त्या रानात उभे राहिले. वस्ती हजाराच्या घरात गेली. १९५८ साली पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांच्या हस्ते खाणीचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले.

एरवी गाव वसते ते पाण्याच्या कडेने, बाजाराच्या रस्त्यावर किंवा देवस्थानाच्या आधाराने. आणि ते हळूहळू वाढत जाते. खाणीचे गाव मात्र एकदम जन्माला येते. त्याला बालपण नसते, त्याच अर्थाने म्हातारपणही नसते. मेरी कॅथलीनमध्ये घर कंपनीचे, रस्ता कंपनीचा, दिवा कंपनीचा. माणसाच्या मालकीचे जे काही होते ते म्हणजे घरापुढील लहानशी बाग. उष्ण आणि निर्जल मुलखात लोकांनी मोठ्या कष्टाने झाडे वाढविली. चौथऱ्यांच्या भोवती रानात न शोभणारी एखादी परकी जात आढळली, तर ती कोणाच्या तरी हातची आहे असे समजावे.

खाणीचे काम असे चाले. डोंगराचा माथा सुरुंगांनी फोडून पायऱ्यापायऱ्यांचा उघडा खड्डा खोदला जाई. येथील अशुद्ध धातूत युरेनियम ऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भाग, किंवा त्याहून थोडे अधिक. डोळ्यांनी पाहून चांगला दगड व वाईट दगड यांत भेद करता येत नसे. म्हणून दगडांतून निघणारे किरण यंत्रांनी मोजून त्यांची निवड करीत. निवडलेला दगड दळून गंधकाम्लात मुरवीत आणि त्या द्रावातून युरेनियम वेगळे काढून त्याची पिवळी भुकटी बनवीत. ही पिवळी भुकटी पिंपांत भरून परदेशी जाई. उरलेला गाळ पाटाने दरीतील बांधामागे सोडला जाई.

पहिल्या पर्वात अशी ४,०८० टन भुकटी निघाली. करार अपेक्षेपेक्षा लवकर पुरा झाला आणि येथेच गावाचे दुर्दैव ओढवले. कामगारांनी नेटाने काम केले म्हणून काम लवकर संपले! भूगर्भात माल भरपूर शिल्लक होता. पण मोठ्या राष्ट्रांची शस्त्रागारे भरत आली होती, भाव उतरले होते आणि नवा गिऱ्हाईक समोर नव्हता. १९६३ साली खाण बंद झाली. यंत्रांना तेल घालण्यापुरती माणसे ठेवून बाकीची पांगली. दिवे मालवले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेडियम हिल या खाणगावाची हीच गत १९६१ साली झाली होती.

परंतु बेचिराख गावाला कौल घेणारा मिळतो, हे येथेही खरे ठरले. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि जगाचे लक्ष अणुविजेकडे वळले. जपान, जर्मनी, अमेरिका येथील वीज कंपन्यांशी करार झाले. ऑस्ट्रेलियाच्या अणुशक्ती आयोगाने कंपनीत सुमारे ४२ टक्के भाग घेतला. आणि १९७६ पासून पुन्हा भुकटी निघू लागली. घरांत पुन्हा दिवे लागले, शाळेत पुन्हा मुले आली.

यावेळी मात्र जग बदललेले होते. युरेनियम खोदावे की खोदू नये, हाच प्रश्न आता ऑस्ट्रेलियात चव्हाट्यावर आला होता. १९७६ च्या मे महिन्यात टाउन्सव्हिल येथे रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने मेरी कॅथलीनला जाणाऱ्या मालाचे डबे जोडण्यास नकार दिला. त्याला कामावरून काढण्यात आले आणि त्याच्या पाठीशी उभे राहून देशभरातील रेल्वे कामगारांनी एक दिवसाचा संप केला. दूरच्या एका रानातील गावामुळे सगळ्या देशाच्या गाड्या थांबल्या. गावात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही खाण म्हणजे पोटापाण्याचा उद्योग होता. गावाबाहेरच्या अनेकांच्या दृष्टीने ते एक पाप होते. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती, आणि खाणीच्या गावाला अशा वेळी कोणीच वकील मिळत नाही.

१९८२ साली खाणीतील फायदेशीर माल संपला. दोन्ही पर्वे मिळून सुमारे ८,८८० टन भुकटी निघाली. तिच्यासाठी ३ कोटी १० लाख टन खडक व माती उपसावी लागली. म्हणजे एक टन भुकटीसाठी सुमारे साडेतीन हजार टन डोंगर हलविला गेला. १९८३ साली गावाचा लिलाव झाला. घरे, खिडक्या, दारे, यंत्रे, जे जे उचलता येईल ते विकले गेले आणि मालमोटारींवर चढून क्वीन्सलँडभर पांगले. काही इमारती क्लोनकरीस हलविण्यात आल्या. तेथे मेरी कॅथलीनच्या नावाने एक स्मृतिउद्यान व संग्रहालय उभारले आहे. गावाचे स्मारक शेजारच्या गावात असावे, असा योग क्वचितच येतो. ज्यांचे बालपण त्या गल्ल्यांत गेले त्यांना आपले घर दाखवावयाचे झाल्यास चौथरा एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी दाखवावे लागते.

चौथऱ्यांच्या पुढे काही किलोमीटरांवर तो उघडा खड्डा आहे. पायऱ्यांचे कडे आणि तळाशी निळ्याहिरव्या पाण्याचा डोह. तांबड्या खडकांच्या कोंदणात तो रंग विलक्षण खुलून दिसतो आणि त्याची छायाचित्रे पाहून दूरदूरचे प्रवासी येथे येत गेले. हे पाणी खडकांतून विरघळलेल्या क्षारांचे आणि धातूंचे आहे. ते पिण्याचे नाही, स्नानाचेही नाही. सौंदर्य आणि निर्मळपणा या दोन गोष्टी एकत्र असतात असा जो माणसाचा भोळा समज आहे, तो येथे खोटा ठरतो.

दगड गोळा करणाऱ्यांचे पाय मात्र डोहापेक्षा टाकाऊ खडकांच्या ढिगांकडे वळतात. महाराष्ट्रातील खडक वेचणाऱ्यांना दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्या ठाऊक असतात. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतील विहिरी व खाणी यांतून निघणारे झिओलाइटांचे पांढरे, गुलाबी, हिरवे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेले आहेत. मेरी कॅथलीनचे दगड त्या मानाने रूपाने साधे आहेत. त्यांची थोरवी त्यांच्या कुळात आहे. फार प्राचीन काळी येथील चुनखडीयुक्त थरांत तापलेले द्रव शिरले, खडक आतून बदलून गेला आणि त्याचे गार्नेट, म्हणजे जवाहिऱ्यांचा तामडा, बनले. पुढे सुमारे दीड अब्ज वर्षांपूर्वी या तामड्यात युरेनियम आणि विरल मृत्तिका गटातील धातू येऊन साठले. हातात घेतलेल्या तुकड्यात तपकिरी-तांबूस गार्नेटचा भाग असतो आणि त्यात डांबरासारखे काळे, चकाकणारे पट्टे असतात. ते काळे खनिज ॲलॅनाइट होय. युरेनियमचे खरे खनिज युरॅनिनाइट; पण त्याचे कण इतके बारीक असतात की ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावेत. जेथे पावसाने व हवेने युरॅनिनाइट कुजविले आहे तेथे दगडाच्या भेगांवर पिवळी, हळदीच्या बोटांसारखी पुटे चढलेली आढळतात.

ॲलॅनाइटच्या बाबतीत एक नवलाची गोष्ट आहे. स्फटिकात अणू कवायतीच्या रांगांसारखे मांडलेले असतात. युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून सुटणारे कण या रांगांवर कोट्यवधी वर्षे आघात करीत राहतात आणि अखेर रांगा मोडून जातात. बाहेरून आकार स्फटिकाचा राहतो, पण आत सगळी काचेसारखी अव्यवस्था झालेली असते. अशा खनिजांना मेटामिक्ट म्हणतात. म्हणूनच ॲलॅनाइट फोडले म्हणजे त्याचा तुकडा काळ्या काचेसारखा शिंपल्याच्या वळणाने फुटतो. किरणोत्सर्गाने केलेले काम डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर ते या दगडात पाहता येते.

याच खाणीने खनिजशास्त्राला एक नवे नावही दिले. १९५५ साली येथील एक खनिज विज्ञानाला अपरिचित असल्याचे सिद्ध झाले. सीरियम, लँथॅनम, बोरॉन आणि सिलिका यांच्या संयोगाने ते बनलेले होते. त्याला स्टिलवेलाइट असे नाव मिळाले. फ्रँक लेस्ली स्टिलवेल हे ऑस्ट्रेलियातील नामवंत खनिजशास्त्रज्ञ. तरुणपणी ते डग्लस मॉसन यांच्या १९११ ते १९१४ मधील दक्षिण ध्रुवखंडाच्या मोहिमेत सहभागी झाले होते. ज्या ठिकाणी एखादे खनिज प्रथम ओळखले जाते ते ठिकाण त्या खनिजाच्या वर्णनाशी कायमचे जोडले जाते. त्यामुळे गाव नकाशावरून पुसले गेले तरी खनिजांच्या कोशात मेरी कॅथलीनचे नाव राहणार आहे. जुन्या दप्तरातील बेचिराख गावासारखेच हे झाले.

अशा दगडांचा संग्रह करण्यात काही पथ्ये पाळावी लागतात. क्वीन्सलँडमध्ये हौसेने खनिजे वेचणाऱ्यासही सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याची अनुमती लागते. वेचलेला दगड घरी फोडू अथवा घासू नये. कारण बाहेरून लागणाऱ्या किरणांपेक्षा श्वासाबरोबर आत जाणारी धूळ अधिक घातक असते. हाताळल्यावर हात धुवावेत. दगड निजावयाच्या खोलीत ठेवू नयेत. मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. युरेनियमच्या विघटनमालिकेत रेडियम येते आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू सुटतो. तो बंद पेटीत साचतो. म्हणून संग्रहाची खोली हवेशीर हवी, आणि प्रत्येक नमुन्यावर तो किरणोत्सर्गी असल्याची चिठ्ठी हवी. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. संग्राहक आज ना उद्या जाईल. पेटी मात्र राहील, आणि ती उघडणाऱ्याला आत काय आहे हे कळले पाहिजे.

एका पेटीला जो नियम लागू आहे तोच साऱ्या खाणीला लागू आहे, आणि मेरी कॅथलीनच्या इतिहासातील खरा प्रश्न येथेच उभा राहतो. खाण बंद झाल्यावर कंपनीने जागा तशीच टाकून दिली नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. गाळाच्या बांधावर खडकमातीचे आच्छादन घातले, कारखाना मोडून टाकला, जमीन सारखी केली. १९८५ साली हे काम पुरे झाले. त्याला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर खर्च आला. ऑस्ट्रेलियातील युरेनियम खाणीच्या पुनर्वसनाचे हे पहिलेच मोठे काम होते आणि १९८६ साली तेथील अभियंत्यांच्या संस्थेने त्याला पर्यावरणविषयक पारितोषिक दिले. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे काम चांगले झाले होते, यात संशय नाही.

पण पारितोषिक देताना काम होऊन एकच वर्ष लोटले होते. सुमारे वीस वर्षांनंतर, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की बांधाच्या पायथ्यातून आम्लयुक्त, खारट आणि धातूमिश्रित पाणी झिरपत आहे. आच्छादनाखाली निजविलेला गाळ निजलेला नव्हता. याचे कारण त्या गाळाच्या स्वभावात आहे. कारखान्याने युरेनियम काढून नेले, पण त्याच्या विघटनातून निर्माण झालेले रेडियम गाळातच राहिले. आणि रेडियम निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. आजपासून मागे १,६०० वर्षे गेल्यास महाराष्ट्रात वाकाटकांचे राज्य लागते. इतक्या काळात किती घराणी आली आणि गेली, किती बोलीभाषा बदलल्या! ज्या कंपनीचा करार दहा वर्षांचाही टिकला नाही, तिने बांधलेल्या बांधावर एवढ्या मुदतीची जबाबदारी आहे. मेरी कॅथलीन युरेनियम नावाची कंपनी आता खाण चालवीत नाही. बांधाची राखण करणारे जे कोणी पुढे असतील त्यांना त्या भुकटीच्या विक्रीतून एक पैसाही मिळालेला नसेल.

दैवाचा आणखी एक फेरा असा, की त्या काळी कवडीमोल वाटलेला हाच गाळ आता मोलाचा ठरण्याची चिन्हे आहेत. ॲलॅनाइट व स्टिलवेलाइट यांत असलेले सीरियम, लँथॅनम, निओडिमियम हे विरल मृत्तिका गटातील धातू त्या वेळी कोणाला नको होते. युरेनियम काढून ते गाळाबरोबर सोडून देण्यात आले. आजच्या चुंबकांना, विजेच्या मोटारींना आणि पवनचक्क्यांना त्यांची गरज आहे. त्यामुळे सुमारे ७० लाख टनांच्या त्या गाळाकडे भूवैज्ञानिकांची दृष्टी पुन्हा वळली आहे. रेडियमच्या काळी युरेनियम टाकाऊ होते; युरेनियमच्या काळी विरल धातू टाकाऊ ठरले. टाकाऊ काय आणि मोलाचे काय, हे दगड ठरवीत नाही. ते त्या त्या काळातील माणूस ठरवितो, आणि बहुधा चुकतो.

तिसऱ्यांदा कौल घेणारा येईल किंवा येणार नाही. आला, तर त्याने पहिल्या दोन पर्वांचा जमाखर्च प्रथम वाचावा. त्यात जमेच्या बाजूस ८,८८० टन भुकटी, हजार माणसांचा संसार, एक नवे खनिज आणि एक सुरेख आखलेले गाव आहे. खर्चाच्या बाजूस कालकाडून लोकांची भूमी आहे, खारट पाण्याचा डोह आहे, झिरपणारा बांध आहे, आणि जेथे जन्मलो ते गाव दाखविता येत नाही अशी माणसे आहेत. हा खर्च हिशेबाच्या वहीत कधी मांडला गेला नाही. कारण वही करार संपताच मिटली गेली.

सूर्य मावळल्यावर त्या चौथऱ्यांवर अंधार पडतो. दिवा कोणी लावीत नाही. संग्राहकाच्या पिशवीतील काळ्या तुकड्याजवळ गणक धरला, तर मात्र टकटक ऐकू येते. १९५४ साली वॉल्टन आणि मॅकॉनकी यांनी जी ऐकली तीच ही टकटक. ती त्यांच्या आधी दीड अब्ज वर्षे चालू होती. गावातील घरे विकली गेली त्या दिवशीही ती थांबली नव्हती.